एकटीचा टाक

आई गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे दोह्याला राहायला आले आणि येताना घरचे देव घेऊन आले. विमानतळावर त्यांनी मोठी बॅग जावयाच्या हातात दिली, पण खांद्यावरची कापडी पिशवी काही केल्या सोडेनात. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "अण्णा, एवढं काय आहे त्या पिशवीत?"

"देव हायती," ते म्हणाले. "घराला कुलूप घातल्यावर त्यांच्याकडं कोण बघणार?"

पिशवीत स्टीलचा डबा होता. डब्यात आईच्या एका हिरव्या खणात गुंडाळलेले टाक, एक घंटा आणि भंडाऱ्याची पुडी. ती पिवळी पूड बघून कस्टमवाल्यांनी काय विचारलं असतं, आणि अण्णांनी त्यांना आपल्या गावाकडच्या मराठीत काय समजावलं असतं, या कल्पनेनंच मी धास्तावले. मी तिथंच गाडीत त्यांच्यावर तडकले. माझा स्वभावच तसा आहे, काळजी वाटली की मी आधी ओरडते. अण्णांना ते माहीत होतं. ते पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेरच्या उंच इमारती बघत राहिले.

टाक म्हणजे चांदीचे लहान पत्रे, बोटाच्या दोन पेरांएवढे, मागून ठोकून वर मूर्ती उठवलेली. आमच्यात घोड्यावरचा खंडोबा, एक देवी आणि बाकीचे सगळे पूर्वज. घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा टाक करून घ्यायचा आणि देवांच्या रांगेत बसवायचा, एवढी रीत मला ठाऊक होती. त्याहून जास्त ठाऊक असायचं कारणही नव्हतं. लहानपणी मी देवाची भांडी घासली, फुलं आणली, वाती वळल्या. टाकांना आंघोळ घालायचं काम मुलग्याचं. ते माझ्या धाकट्या भावाकडे होतं आणि तो ते भराभर उरकून क्रिकेट खेळायला पळायचा.

बिन महमूदमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणावं असं काही नव्हतं. लग्नात आईनं दिलेली पितळेची अन्नपूर्णा स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी उभी असायची आणि दिवाळीला तिच्यापुढे दिवा लागायचा. माहेरच्या देवांपैकी मुलीच्या वाट्याला येते ती एवढीच. अण्णांनी दुसऱ्या दिवशी आंघोळ करून सगळं घर फिरून बघितलं आणि बाहेरच्या खोलीतल्या बुटांच्या कपाटावर बोट ठेवलं. बूट बाल्कनीत गेले, कपाट धुऊन पुसून त्यात देव बसले. पहिल्याच आरतीला त्यांनी कापूर पेटवला आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. खालून नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, धावत वर आला. त्यानं दारातून एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा देवांकडे, आणि म्हणाला, "खलास बाबा, खलास, खिडकी खोलो." तेव्हापासून आमची आरती उघड्या खिडकीशी, खालच्या गाड्यांच्या आवाजात व्हायची.

आमची मुलगी आठवीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती एकदा आंघोळीच्या वेळी आजोबांशेजारी उकिडवी बसली आणि एक टाक बघून म्हणाली, "आजोबा, व्हाय डोन्ट दे हॅव फेसेस?" तिच्या बोटावरून अण्णांना प्रश्न कळला.

"पाणी घालून, पुसून पुसून झिजलं बघ पोरी," ते म्हणाले. "ज्याची सेवा जास्त, त्याचं तोंड लवकर जातं."

खरंच, जुन्या टाकांवर नाकडोळे काही उरले नव्हते. कुठं एक उंचवटा, कुठं पागोट्याचा नाहीतर पदराचा भास. खंडोबाचा घोडा तेवढा शाबूत होता.

आता अण्णा का आले होते ते सांगायला हवं. वरवर बघता ते हवापालटासाठी आले होते. आई गेल्यावर गावातल्या घरात ते एकटेच राहिले. भाऊ पुण्यात. त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये संगमरवराचं सुंदर देऊळ आहे, आत लाइट लागतो. पण टाक ठेवायला तो तयार नव्हता. टाकांचं रोजचं करावं लागतं, खंडोबा कडक, काही चुकलं तर घरादाराला भोवतं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्यानं अण्णांना सांगितलं, "अण्णा, तुम्ही आहात तोवर करा. पुढे नीरेत सोडून देऊ. कितीतरी लोक सोडतात." वाईट बोलला असं मी म्हणणार नाही. खोटं कबूल करण्यापेक्षा त्यानं खरं सांगितलं. पण अण्णांना ते फार लागलं.

एके संध्याकाळी चहा घेताना ते मला म्हणाले, "तुझ्या आईची जागा व्हाय पायजे गं. आता कोण करणार आन् कुठं करणार?"

त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि ते विचारणारही नव्हते. लेकीच्या घरी बापाचे देव ठेवत नाहीत. लेकीला तिच्या सासरचे देव असतात. अण्णा पाहुणे म्हणून देवांना घेऊन आले होते आणि परत जाताना घेऊन जाणार होते. मी देवधर्म करणारी बाई नाही, पण आईला त्या रांगेत जागा मिळणार नाही हे मला सहन होईना. आयुष्यभर जिनं त्या रांगेपुढे सारवलं, रांगोळी काढली, नैवेद्याचं ताट मांडलं, ती मेल्यावर कुठेच नाही?

मुऐदरच्या पलीकडे एका शाळेत मी इतिहास शिकवते. वर्गात दहा देशांची मुलं. हिवाळ्यात दरवर्षी सातवीला प्राचीन ग्रीस आणि रोम असतं, त्यात घर, जेवण, लग्न, देवधर्म असा एक धडा असतो. तो माझा आवडता. मोठमोठी देवळं आणि सम्राट बाकीच्या पुस्तकांत भरपूर असतात. मला आवडतात ते रोमन माणसाच्या घरातले लहान देव. स्वयंपाकघराच्या नाहीतर अंगणाच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात वीतभर उंचीचे घराचे राखणदार. घरच्या कर्त्यानं सकाळी त्यांना धूप आणि फुलं द्यायची, जेवताना थोडं अन्न बाजूला काढून विस्तवात टाकायचं. फेब्रुवारीत मेलेल्यांचे दिवस. तेव्हा वंशजांनी त्यांच्या थडग्यांवर धान्य, मीठ, दारूत भिजवलेली भाकरी आणि फुलं न्यायची. मुलगी लग्न होऊन जायच्या आधी आपल्या बाहुल्या घरच्या देवांना देऊन टाकायची आणि नव्या घरी गेली की तिथल्या देवांना नाणं वाहायची. ग्रीकांकडे वरातीत नवरीची आई मशाल घेऊन चालायची. स्वतःच्या चुलीवर पेटवलेली ती मशाल मुलीच्या नव्या घरापर्यंत जायची.

त्या वर्षी मी हे सगळं नेहमीसारखं सांगितलं आणि मशालीपाशी येऊन मी थांबले. मला मिक्सरशेजारची अन्नपूर्णा आठवली. पहिल्या बाकावरची एक मुलगी वाट बघून म्हणाली, "मिस, मुलगी गेल्यावर जुन्या देवांना जेवण कोण द्यायचं?"

"तिचा भाऊ," मी म्हणाले.

"आणि त्याला नको असेल तर?"

वर्ग हसला. भाऊ या जातीबद्दल सगळ्यांचंच मत सारखं होतं. मी "पुढचं पान" म्हणून विषय बदलला.

घरी जेवणाच्या टेबलावर मी धड्यासाठी चित्रं मांडून बसत असे. त्यात ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या एका घराच्या कोनाड्याचं मोठं चित्र होतं. अण्णा चष्मा लावून त्याच्यावर ओणवले. मधोमध एक माणूस, डोक्यावरून वस्त्र घेतलेला. दोन्ही बाजूंना नाचऱ्या पावलांचे दोन तरुण. खाली मोठा साप.

"ह्यो नाग," अण्णा खूश होऊन म्हणाले. "आन् ह्यो घरचा कर्ता. पूजेला बसलाय, डुईवरनं घेतलंय बघ. ही कुठली माणसं म्हणायची?"

मी सांगितलं. रोमन लोक, दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांचेही असेच घरातले देव, असेच पूर्वज. मोठ्या घराण्यांत तर पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात ठेवलेले असायचे. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. आईच्या आजारपणापासून त्यांना इतकं गुंतलेलं मी बघितलं नव्हतं.

"मग ह्यांचं आता कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, अण्णा. पुढं तिथल्या राजानंच बंदी घातली. घरातसुद्धा धूप नाही, दिवा नाही, हार नाही. सगळ्यांचा धर्म बदलला. खूप वर्षं झाली."

"आन् देव कुठं गेलं?"

"काही जमिनीत सापडले. आता म्युझियममध्ये आहेत, काचेच्या कपाटात. लोक तिकीट काढून बघतात."

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मंग नदीच बरी," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मी चित्रं गोळा केली. त्यांनी निर्णय घेतला होता आणि तो मीच त्यांच्या हातात दिला होता. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, "आईचा टाक मी करून घेते. अण्णांना सांगायचं नाही. एकदा टाक हातात आला की नदीत सोडायची भाषा ते करणार नाहीत."

"कर ना," तो म्हणाला. "पण एकदा विचार त्यांना, काही रीत वगैरे असेल."

"विचारलं की नको म्हणतील," मी म्हणाले आणि विषय संपवला.

दोह्यातल्या सोन्याच्या बाजारात दुकानांच्या काचांमागे छातीभर रुंदीचे हार टांगलेले असतात. बघून डोळे दिपतात. मला हवा असलेला माणूस त्या दुकानांच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर बसायचा. तो विट्याकडचा. आमच्या ओळखीतल्या कुणीतरी त्याच्याकडून लेकराचे वाळे करून घेतले होते. माझं गाव ऐकल्यावर त्यानं स्टूल पुढं सरकवलं, चहा मागवला आणि टाक म्हटल्यावर हातातलं काम खाली ठेवलं.

"लई वर्षांत केला न्हाई ताई. हितं कोण मागतंय? कुणाचा करायचा?"

"आईचा."

"एकटीचाच?"

"मला आई एकच होती," मी फटकन म्हणाले. मग मोबाइलवरचा आईचा फोटो त्याच्यापुढे धरला.

"परत्येक घरची रीत निराळी," एवढंच तो पुटपुटला आणि फोटो निरखायला लागला. फोटोत आई अंगणात उभी, उन्हानं डोळे बारीक केलेले, हातात उलथनं. मी म्हणाले, उलथनं नको, हात जोडलेले करा. पदर डोक्यावर, कुंकू मोठं. पुढच्या आठवड्यात त्यानं टाक दिला. आईचं कपाळ रुंद होतं, ते त्यानं बरोबर उचललं होतं. नवी चांदी इतकी लखलखत होती की बघताना मला एकदम ओळख पटेना. मग पटली आणि मी जिन्यात उभी राहून रडले.

अण्णांचं विमान शनिवारी होतं. शुक्रवारी इथं सुट्टी, सगळे घरी. पूजा झाल्यावर, ते देव पुसून परत रांगेत ठेवत असताना मी त्यांच्या तळहातावर तो टाक ठेवला.

त्यांनी आधी लांब धरून बघितला, मग डोळ्यांजवळ नेऊन. अंगठा हळूच कपाळावरून फिरवला.

"कुठं केलास?"

"इथंच. आपल्याकडचा सोनार आहे."

"कपाळ बराबर आलंय तिचं," ते म्हणाले. मला वाटलं, झालं, आता ते आईला खंडोबाशेजारी बसवतील. मी हळदीकुंकवाची कोयरी पुढं केली. त्यांनी ती हातानं मागे सारली.

"पर आपल्यात एकटीचा करत न्हाईत गं."

मला कळेना. त्यांनी रांगेतला सगळ्यात झिजलेला टाक उचलला, माझं बोट धरलं आणि त्या पत्र्यावर टेकवलं. "चाचपून बघ."

डोळ्यांना जो एकच उंचवटा दिसत होता, तो बोटाला दोन लागला. शेजारी शेजारी दोन डोकी. एक थोडं उंच, एक थोडं खाली.

"माझा आजा आन् आजी," अण्णा म्हणाले. मग दुसरा टाक. त्यातही दोन. "हे माझं आईबाप. आपल्यात जोडीचा एकच टाक असतोय. एक जण गेलं म्हंजी करायचा न्हाई. मागं राहिलेलं गेलं की मंग दोघांचा मिळून करायचा. अर्धा बसवत न्हाईत."

मी रोमन घरांतल्या कोनाड्यांमधली माणसं मोजून दाखवू शकत होते, आणि ज्या देवांपुढे मी वाढले त्यांच्या पत्र्यावर एक माणूस आहे की दोन, हे मला माहीत नव्हतं. पण त्या क्षणी मला त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही. कारण अण्णा इतके दिवस काय बोलत होते ते आता माझ्या डोक्यात शिरलं. 'तुझ्या आईची जागा कोण करणार?' आईला जागा मिळायची तर आधी अण्णांना जावं लागणार होतं. आणि ते गेल्यावर कुणीतरी मागं उरायला हवं होतं, सोनाराकडे जाणारं, दोघांची नावं सांगणारं. ते स्वतःच्या मरणानंतरचं माणूस शोधत होते. शोधत शोधत ते माझ्या घरी आले होते आणि मी मुलगी म्हणून मला विचारू शकत नव्हते.

मला हुंदका आवरेना. मुलगी खोलीतून धावत आली, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणाली आणि आजोबांचं तोंड बघून दारातच थांबली.

"रडतीस कशापायी?" अण्णा म्हणाले. "चांदीच हाय. आटती."

"चुकलं माझं, अण्णा."

"चुकलं न्हाई. लवकर झालं." त्यांनी टाक आईच्या त्या हिरव्या खणाच्या कोपऱ्यात ठेवला, दातांनी खणाची कड तोडून तेवढा तुकडा टर्रकन फाडला आणि गाठ मारून पुडी माझ्या हातात दिली. "ह्यो तुझ्यापाशी राहू दे. माझं झालं की त्याच सोनाराकडं जा. हे आटवायला सांग, चांदी घाल थोडी, आन् दोघांचा कर. बाकीचं देव तुझ्याकडं येतील. तुझ्या भावाला सांगून ठिवतो मी."

"लेकीच्या घरी..." मी म्हणाले.

"व्हय. न्हाई ठिवत." ते डब्यात एकेक टाक निगुतीनं लावत होते. "पर काचंपरीस बरं."

शनिवारी ते गेले, देव घेऊन. बाल्कनीतले बूट मी परत त्या कपाटात ठेवले नाहीत. ती जागा तशीच आहे. भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, ताई." त्याच्याही छातीवरचं ओझं उतरलं असावं. वर्षश्राद्धाला मी गावी जाऊन आले. अण्णा आता वाकून चालतात.

या वर्षीही सातवीला तो धडा शिकवला. जुन्या देवांना जेवण कोण द्यायचं, हे या वेळी कुणी विचारलं नाही. मीच सांगितलं. म्हणाले, बहुतेक भाऊच. पण कधी कधी बाहुल्या ठेवून गेलेली मुलगीही परत येत असेल. पुस्तकांत तसं लिहिलेलं नाही, हेही सांगितलं.

आईची पुडी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे आहे. अर्धा टाक बसवत नाहीत म्हणून मी तो बसवलेला नाही. शाळेला निघायच्या आधी मी रोज गावी फोन लावते. अण्णा कधी लवकर उचलत नाहीत. अंगणात असतात, नाहीतर देवांच्या आंघोळी चाललेल्या असतात. रिंग वाजत राहते तेवढा वेळ मी कपाट उघडून त्या पुडीवर हात ठेवून उभी असते. आई तिथं एकटी पडली आहे याचं मला वाईट वाटतं. पण ती एकटी आहे तोवर अण्णा आहेत. "थांब अजून, आई," मी म्हणते. "घाई करू नकोस." मग पलीकडून अण्णांचा "बोल गं" ऐकू येतो आणि मी कपाट बंद करते.